आमच्या मालकीच्या मातीच्या धरणाला पायथ्याशी ओल आली आहे, काय करावं?

डोंगरकूस | ११ मार्च, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. विषय थोडा वेगळा आहे, पण इथे पाटबंधाऱ्यातली माणसं आहेत म्हणून विचारतो.

माझ्या मोठ्या काकांनी १९८४ साली माणगाव तालुक्यात आमच्या जमिनीतल्या ओढ्यावर मातीचा बांध घातला. गावात त्याला धरणच म्हणतात. कागदावर ते कुठेच नाही, सातबाऱ्यावर नुसतं पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. काका एकटे होते, मागच्या वर्षी गेले, आणि जमीन वडिलांच्या नावावर आली. आम्ही राहतो डोंबिवलीत.

बांध मधोमध ७ मीटर उंच, ९० मीटर लांब. पाणी भरलं की साधारण हेक्टरभर पसरतं. जादा पाणी निघून जायला डाव्या अंगाला ४ मीटर रुंद सांडवा आहे. तळं मासेवाल्याला भाड्याने दिलंय. गेल्या ऑगस्टमध्ये खालच्या बाजूला पायथ्याशी ओल दिसली, गणपतीत बारीक धार लागली. आत्ता तळं निम्म्यावर आहे तरी ती जागा ओलीच आहे. खाली अर्ध्या किलोमीटरवर वाडी, चौदा घरं.

एका ठेकेदाराने सांगितलं की खालून सिमेंट मारून बंद करून देतो, ४० हजार. करून घ्यावं का?

घाटावरचा | ११ मार्च, रात्री ११.१५

चाळीस वर्षं टिकलंय ना? मग कशाला हात लावता. मातीचा बांध थोडा पाझरणारच. आमच्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर केलेले पाझर तलाव आहेत, नावातच पाझर आहे!

टवाळखोर | ११ मार्च, रात्री ११.३१

खेकडे असतील. २०१९ पासून महाराष्ट्रात धरणं फक्त खेकडेच फोडतात.

जुना_शाखा_अभियंता | १२ मार्च, सकाळी ६.०५

डोंगरकूस, ठेकेदाराला आजच फोन करून नाही सांगा. पाझर खालच्या तोंडाशी कोंडला की पाणी थांबत नाही, बांधाच्या पोटात चढतं. मग ते दुसरीकडून फुटतं किंवा उतारच ओला होऊन घसरतो. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही. गाळण म्हणतात ती हीच: आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर जाड खडी.

आता माहिती द्या.
धार कुठून येते? जवळपास जुना पाइप आहे का?
दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो?
पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. तळाशी काही बसतं का?
बांधाचा माथा सरळ आहे का? डोळ्याने नाही, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजा. सांडव्याच्या उंबऱ्यापासून (जिथून पाणी बाहेर पडायला लागतं ती पातळी) माथा किती वर आहे ते दर दहा मीटरवर लिहा.
सांडव्याचे फोटो टाका.

घाटावरचे, पाझर तलावाचं पाणी जमिनीत मुरायचं असतं, भरावातून वाहायचं नसतं. आणि चाळीस वर्षं हे प्रमाणपत्र नाही. त्या काळातला पाइप एव्हाना खराब झालेला असू शकतो.

तिवऱ्याची थट्टा मला रुचत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटून वाडी वाहून गेली, आणि मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती. खेकडे बिळं करतात, घूस करते, साळिंदरही करतं. पण बीळ हे बहुतेकदा निमित्त असतं. दबाई नीट झालेल्या भरावात, माणूस दर महिन्याला चालून जात असेल तर बीळ बिळाच्या आकाराचं असतानाच सापडतं.

टवाळखोर | १२ मार्च, सकाळी ९.२०

चुकलं काका. शब्द मागे.

डोंगरकूस | १७ मार्च, रात्री ९.१०

शनिवार-रविवार जाऊन आलो. चुलतभाऊ आणि गावातला एक गवंडी सोबत होते.

पाइप आहे. काकांनी खाचरांना पाणी सोडायला बांधातून सहा इंची सिमेंटचा पाइप घातला होता, त्याची चकती कधीच गंजून अडकली आहे. धार पाइपातून नाही, पाइपाच्या बाहेरच्या अंगाने येते. बादली भरायला ५० सेकंद, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. बरणीत सकाळी काही दिसलं नाही, पाणी स्वच्छ.

माथ्याचं मोजमाप बघून मात्र माझ्याच पोटात गोळा आला. दोन्ही टोकांना माथा उंबऱ्याच्या १ मीटर वर आहे. मध्ये, जिथून मासेवाल्याचा ट्रॅक्टर जातो, तिथे फक्त ६० सेंटिमीटर. चाकोऱ्या पडल्यात.

सांडव्याचा फोटो जोडला आहे. ती हिरवी जाळी मासेवाल्याने लावली आहे, कटले पळू नयेत म्हणून.

उतारावर काकांनी लावलेले तीन आंबेही आहेत, पंचवीस-तीस वर्षांचे. दरवर्षी धरतात.

पिट्सबर्गकर | १८ मार्च, पहाटे ४.३५

जाळी बघून राहवलं नाही. मी राहतो तिथून जॉन्सटाउन दीड तासावर आहे, तिथलं पुराचं संग्रहालय मुलांना दाखवायला दोनदा गेलोय.

जॉन्सटाउनच्या वरचं साउथ फोर्कचं धरण मातीचं होतं आणि खाजगी होतं. पिट्सबर्गच्या धनिकांच्या शिकार-मासेमारी क्लबने ते विकत घेतलं होतं, सभासदांत कार्नेगी आणि फ्रिक हे पोलादसम्राट. धरण तुमच्यापेक्षा तिप्पट उंच, पण त्यांनी केलं काय ते बघा. दोन बग्ग्या शेजारून जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला. सांडव्यावर मासे अडवायला जाळी बसवली. तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते, ते परत घातलेच नाहीत.

३१ मे १८८९. रात्रभर पाऊस, जाळीत ओंडके आणि पाचोळा अडकला, मजूर ती मोकळी करायला धावले, दुसऱ्या बाजूने नवा चर खणायलाही लागले. दुपारी तीनच्या सुमारास बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं आणि बांध गेला. तासाभरात पाणी जॉन्सटाउनमध्ये. २,२०९ माणसं.

तुमचा ट्रॅक्टर म्हणजे त्यांची बग्गी. जाळी तर तीच.

जुना_शाखा_अभियंता | १८ मार्च, सकाळी ६.२०

पिट्सबर्गकर, एवढं तंतोतंत उदाहरण मला प्रशिक्षणातही कोणी दिलं नव्हतं.

डोंगरकूस, तुम्ही ओलीबद्दल विचारायला आलात, पण ती दुसऱ्या नंबरवर आहे. स्वच्छ पाणी, १२ लिटर, जागा माहीत आहे: त्यावर नजर ठेवता येते. तुमचं धरण गेलं तर ते आधी माथ्यावरून जाईल. काँक्रीटवरून पाणी गेलं तर एखादवेळी निभावतं. मातीवरून वीतभर पाणी गेलं की खालचा उतार कापला जातो, आणि एकदा चर पडला की अर्धा-एक तास पुरतो.

तुमच्या तळ्याला वरून किती जमिनीचं पाणी येतं, नकाशावर बघून सांगता का?

डोंगरकूस | १९ मार्च, रात्री १०.००

चुलतभावाने मोजलं, साधारण ६० हेक्टर. त्यातल्या काही भागावर गेल्या तीन वर्षांत प्लॉटिंग झालंय. झाडं काढून रस्ते केलेत.

जुना_शाखा_अभियंता | २० मार्च, सकाळी ६.१०

मग गणित इथेच मांडतो, कुणालाही करता येईल.

कोकणात तासाला १०० मिलिमीटरची सर धरून चालायचं. (सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता, तेव्हा मी फार ताणतोय असं समजू नका.) डोंगरउतार आहे, म्हणून पडलेल्यातलं ६० टक्के वाहून येईल. हेक्टर गुणिले मिलिमीटर गुणिले ०.६, भागिले ३६०. तुमचं उत्तर येतं सेकंदाला १० घनमीटर.

आता सांडवा. १.७ गुणिले रुंदी गुणिले उंबऱ्यावरच्या पाण्याच्या उंचीचा दीड घात. रुंदी ४, उंची ०.६, म्हणजे पाणी माथ्याला टेकेपर्यंत. येतं ३.२ घनमीटर. तेही जाळी नसताना. येणार १०, जाणार ३. हेक्टरभर तळं हा फरक फार वेळ पोटात ठेवू शकत नाही.

उपाय: माथा सगळीकडे उंबऱ्यापासून १.२ मीटर वर घ्या आणि सांडवा १० मीटर रुंद करा. ७० सेंटिमीटर पाणी चढलं की दर मीटर रुंदीतून जवळपास १ घनमीटर जातं, वर ५० सेंटिमीटर कोरडं उरतं. डाव्या अंगाला कातळ किंवा कठीण मुरूम लागत असेल तर जेसीबीचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. पण सांडव्याचं पाणी ओढ्याला मिळेपर्यंत बांधाच्या पायाला शिवता कामा नये, तिथे दगडी भिंत लागेल.

माथ्यावर भर घालताना आधी गवत मुळासकट काढा, जुनी माती खरवडून ओली करा, मग वीतभर जाडीचे थर, प्रत्येक थरावर रोलर. मातीचा मुठीत लाडू व्हायला हवा, हाताला चिखल लागायला नको. तळ्यातला गाळ भरावाला घेऊ नका. फुकट असतो म्हणून सगळे तोच घेतात.

पाइप: तळं आटलं की आतलं तोंड बंद करून पाइप सिमेंटच्या पातळ मिश्रणाने दाबून भरा. बाहेरच्या तोंडाशी वाळू-खडीची गाळण. शेताला पाणी हवं असेल तर माथ्यावरून सायफन टाका, बांधात पुन्हा भोक नको. आमच्या पिढीला पानशेत पाठ आहे. विमोचकाचं, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेचं, काम अपुरं, त्याच्यावरचा भराव खचत गेलेला, जवान रात्रभर वाळूची पोती रचताहेत, आणि १२ जुलै १९६१ ला सकाळी धरण गेलं.

आंबे काढावे लागतील. नुसते तोडून चालणार नाही, मुळं कुजली की आत बोगदे होतात. मुळांसकट काढून खड्डा थराथराने भरायचा. वाईट वाटतं, कळतं मला.

तुडुम | २० मार्च, दुपारी २.४५

मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे खाजगी मालकीचे मातीचे तलाव म्हणजे मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून हजारोंनी. बांधाला आम्ही पाळ म्हणतो, पाणी सोडायच्या जागेला तुडुम, आणि सांडव्याला सलंग.

आजोबा सांगायचे, मालगुजार असताना पावसाळ्याआधी अख्खं गाव पाळीवर माती टाकायला जायचं. वेठ होती, त्याचं कौतुक नाही. पण पाळ कोणाची हे माहीत होतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, नावापुढे 'माजी' लागलं, आणि मग पाळ कोणाचीच राहिली नाही. सलंगीवर धान लावणारे मी पाहिलेत. तुमचे काका गेले आणि तुम्ही डोंबिवलीत. तलावाच्या दृष्टीनं तेच झालं.

अवांतर: आमच्याकडेही पाळीवर आंबे आहेत, अभियंता काकांनी बघितले तर झोपणार नाहीत.

काळाकोट | २१ मार्च, सायं. ७.३०

कायद्याचं थोडक्यात. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ तुम्हाला लागू नाही. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमध्ये लांबी, साठा, पूर यांच्या काही अटी बसल्या तर. ७ मीटरच्या बांधाची तपासणी करायला कोणी येणार नाही. यावर खूश होऊ नका. नुकसान झालं तर दावा तुमच्यावरच येतो.

गंमत अशी की या विषयातला जगप्रसिद्ध इंग्लिश निकाल खाजगी तळ्याचाच आहे. लँकेशायरमध्ये रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने तळं बांधलं, पाणी जुन्या खाणींतून शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत शिरलं. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं: निसटली तर घात करील अशी वस्तू स्वतःच्या फायद्यासाठी जमिनीवर साठवलीत, तर निष्काळजीपणा नसला तरी भरपाई तुमच्याकडे.

सहाच वर्षांनी मद्रास इलाख्यातून कारवेटीनगरच्या जमीनदाराचं प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाकडे गेलं. त्याचे तलाव पावसात फुटून रेल्वेचं नुकसान झालं होतं. तिथे जमीनदार सुटला. कारण तलाव पुरातन, रयतेच्या उपयोगाचे, आणि ते राखणं हे त्याचं कर्तव्यच होतं. निष्काळजीपणा सिद्ध करा, असं रेल्वेला सांगितलं गेलं.

तुमचं तळं माशांसाठी भाड्याने दिलंय, रयतेसाठी नाही. शिवाय 'सांडव्यावर जाळी आहे, माथा खचलाय' हे तुम्ही स्वतः तारखेसह इथे लिहिलंय. हवाईमध्ये २००६ साली का लोको नावाचं उसासाठी बांधलेलं जुनं खाजगी धरण फुटलं, सात माणसं गेली. सांडवा बुजवल्याचा आरोप होता. मालकाला २०१४ मध्ये सात महिन्यांची कैद झाली.

आणखी एक. नैसर्गिक ओढा तुमच्या जमिनीतून वाहत असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे तो शासनाचा. त्यामुळे काम करण्याआधी तहसील आणि जलसंधारणाच्या उपविभागाला लेखी कळवा, पोच घ्या.

घाटावरचा | २१ मार्च, रात्री ८.५०

म्हणजे कळवलं तर बेकायदा म्हणून नोटीस, नाही कळवलं तर जेल. म्हणूनच कोणी कळवत नाही साहेब.

काळाकोट | २१ मार्च, रात्री ९.०५

तुमचं चूक नाही. तरी कळवा.

खालच्या_वाडीची | २२ मार्च, दुपारी १.१०

धाग्यात सगळे बांधाच्या वरून बोलताय म्हणून लिहिते. माझं माहेर अशाच एका तळ्याच्या खाली आहे. वर एका फार्महाऊसवाल्याने नाला अडवलाय, बोटिंगसाठी. बांध किती उंच, पाइप कुठे, आम्हाला काही माहीत नाही, कारण गेटला कुलूप. राखणदाराकडे मालकाचा नंबर आहे पण द्यायची परवानगी नाही. जुलैत रात्री पाऊस वाढला की आई उशाशी कपड्यांचं गाठोडं घेऊन झोपते.

डोंगरकूस भाऊ, तुमच्या चौदा घरांना तुम्ही मोजलंय यातलं काय सांगितलंय? रात्री दोन वाजता त्यांना कोण उठवणार? मोबाईलला तिथे रेंज आहे का?

डोंगरकूस | २४ मार्च, रात्री ११.३०

ताई, काहीच सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर भीती होती की लोक भांडतील.

आज जाऊन आलो. भांडले. मग चहा झाला. एका आजींनी सांगितलं की काका दर पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन सांडव्यावर उभे असायचे, म्हणून आम्ही झोपायचो. मला हे माहीतच नव्हतं.

रेंज नाही. ठरलं ते असं: सांडव्याशेजारी खांब रोवून त्यावर लाल पट्टा मारायचा. पाणी पट्ट्याला लागलं की देवळाचा भोंगा, आणि सगळे वरच्या शाळेत. पावसाळ्यात पट्टा बघायला वाडीतला एक मुलगा पगारी ठेवतोय.

डोंगरकूस | २ जून, सकाळी ८.१५

उशिरा लिहितो, धावपळ होती. सांडवा १० मीटर झाला. मुरमाखाली खरंच कातळ लागला. माथा नळीने तपासून १.२ वर आणला. पाइप भरला, गाळण घातली. जलसंधारणवाल्यांकडे अर्ज दिलाय, पोच आहे, अजून कोणी आलेलं नाही. खर्च ठेकेदाराच्या ४० हजारांच्या बराच पुढे गेला, आकडा लिहीत नाही, वडील इथे वाचतात.

आंबे राहिले. वडील म्हणाले, यंदाचा मोसम होऊ दे. त्यांच्याशी वाद घालणं मला जमलं नाही.

जुना_शाखा_अभियंता | २ जून, सकाळी ८.४०

काम छान. आंब्यांच्या बुंध्याभोवती पावसाळ्यात आठवड्याला बघा, ओल किंवा खड्डा दिसला तर लगेच कळवा. दिवाळीनंतर मी स्वतः वडिलांशी बोलतो. आमचं वय एकच असणार.

डोंगरकूस | २१ जून, रात्री ९.५५

मुलाचा फोन आला: मासेवाल्याने रात्रीतून निम्म्या सांडव्याला पुन्हा जाळी लावली. कापून टाकली. भाडेकरार संपवतोय. मासे ठेवायचे तर तळ्यात पिंजरा लाव म्हणालो, सांडवा माझा आहे.

डोंगरकूस | १९ जुलै, दुपारी ४.२०

काल रात्री जोरदार झाला. मी तिथेच होतो, काकांचा कंदील नाही, बॅटरी घेऊन. पहाटे सव्वातीनला उंबऱ्यावर ३८ सेंटिमीटर पाणी होतं, मग उतरायला लागलं. पट्ट्याला लागलं नाही. सांडव्यातून ओंडके, पाचोळा, एक अख्खं करंजाचं झाड निघून गेलं. पाइपाशी बादली ४६ सेकंदात भरते, तळं काठोकाठ असताना. बरणी स्वच्छ.

जुना_शाखा_अभियंता | १९ जुलै, सायं. ५.०५

३८ सेंटिमीटर, १० मीटर रुंदी, म्हणजे सेकंदाला ४ घनमीटर. मी धरलेल्या पुराच्या निम्माही नव्हता. तेवढंच पाणी जुन्या ४ मीटरच्या सांडव्यावर, जाळी नसतानाही, ७० सेंटिमीटर चढलं असतं. तुमच्या माथ्याचा खोलगा ६० वर होता.

बादलीची वही ठेवा. तारीख, तळ्याची पातळी, सेकंद. पातळी तीच आणि सेकंद कमी होत चालले तर रात्र असो, दिवस असो, मला फोन करा. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

खालच्या_वाडीची | १९ जुलै, रात्री १०.१२

भोंगा वाजवून बघितला का एकदा? कोरड्या दिवशी बघा.

डोंगरकूस | २० जुलै, सकाळी ७.३०

जूनमध्येच बघितला ताई. पहिल्यांदा अर्धी वाडी शाळेऐवजी देवळात आली, आरती समजून. आता दोन लांब, एक छोटा असं ठरलंय.

मासेवाला म्हणतो, परवाच्या पुरात त्याचे निम्मे कटले वाहून गेले, भरपाई द्या. वाडीतले म्हणतात, वाहून कुठे गेले, सगळे आमच्या कालवणात आले.